चोपन्न हजार मतं आणि एक वाक्य

सोमवार, ३० ऑक्टोबर १९९५. सकाळ

कालच्या रविवारी कॅनडातली घड्याळं तासभर मागे घेतली गेली, त्यामुळे क्वेबेक प्रांतात आज अंधार लवकर पडणार आहे. पन्नास लाख सत्त्याऐंशी हजार नोंदणीकृत मतदारांना आज एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. कॅनडात राहायचं, की स्वतःचा देश उभा करायचा?

मतपत्रिकेवरचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. कॅनडाला नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव दिल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्याविषयीच्या विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ रोजी सही झालेल्या कराराच्या चौकटीत क्वेबेकने सार्वभौम व्हावं, हे आपणांस मान्य आहे का? खाली दोन पर्याय, 'वी' आणि 'नाँ'. होय किंवा नाही.

प्रश्न मुद्दाम गुंतागुंतीचा केला, अशी टीका केंद्राची राजधानी ओटावातले नेते महिनाभर करत आहेत. त्या टीकेत तथ्य आहे. 'भागीदारी' या शब्दामुळे आपण स्वतंत्र होऊनही कॅनडाशी बांधलेलेच राहू, असं बऱ्याच लोकांना वाटत होतं. पण पणाला काय लागलं आहे हे कोणालाच कळलं नव्हतं, असं म्हणणं मला पटत नाही. मतदानाची सक्ती नसलेल्या या देशात आज रात्रीपर्यंत ९३.५२ टक्के मतदार मतदान करून गेलेले असतील. क्वेबेकच्या इतिहासात कुठल्याही मतदानाची टक्केवारी एवढी नव्हती.

रात्री अकराच्या सुमारास या चळवळीवर एक घाव बसणार आहे. तो मतपेटीतून येणार नाही, तिच्याच व्यासपीठावरून, तिच्याच सर्वोच्च नेत्याच्या तोंडून येणार आहे. मतांनी झालेला पराभव पुन्हा लढून भरून काढता आला असता. हा घाव मात्र पुढची तीस वर्षं भरणार नाही.

दुपार होता होता

आजच्या दिवसामागे दोनशे छत्तीस वर्षं उभी आहेत. १७५९ साली क्वेबेक शहराबाहेरच्या अब्राहमच्या पठारावर ब्रिटिशांनी फ्रेंच फौजेला हरवलं. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडलं. त्याच तहात पाँडिचेरी मात्र फ्रेंचांना परत मिळाली. उत्तर अमेरिकेत मागे राहिलेली साठ-सत्तर हजार फ्रेंच माणसं शेती, चर्च आणि भाषा धरून टिकली. टिकली, पण दुय्यम होऊन. १९६० च्या दशकात केंद्राने नेमलेल्या द्विभाषा आयोगाने १९६१ च्या आकडेवारीवरून क्वेबेकमधल्या चौदा वांशिक गटांच्या उत्पन्नाची क्रमवारी लावली, तेव्हा फ्रेंच वंशाचे लोक बाराव्या क्रमांकावर निघाले. तेही त्यांच्याच प्रांतात, जिथे ते ऐंशी टक्के होते. माँट्रियलच्या मोठ्या कंपन्यांत वरच्या मजल्यावर इंग्रजी चाले, फ्रेंच बोलणारा माणूस खालच्या मजल्यावर.

१९६० साली ज्याँ लसाज यांचं उदारमतवादी सरकार आलं आणि चित्र पालटू लागलं. खासगी वीजकंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, शाळा चर्चकडून काढून घेतल्या, लोकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा गुंतवायला स्वतःची संस्था काढली. त्या सरकारातला एक मंत्री होता रने लेवेक, आणि पडद्यामागचा एक तरुण अर्थतज्ज्ञ होता ज्याक पारिझो. लेवेक यांनी १९६८ मध्ये पार्ती केबेक्वा हा पक्ष काढला, १९७६ मध्ये तो सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याने कायदा क्रमांक १०१ केला. सरकारात, कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर फ्रेंच. आणि या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे बाहेरून येणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांनी शिकायचं ते फ्रेंच शाळेतच.

१९७७ साली पहिलीत गेलेली ग्रीक, हैतीयन, व्हिएतनामी, पंजाबी मुलं आज चोविशीची आहेत. फ्रेंचमध्ये शिकली, फ्रेंचमध्ये भांडली, फ्रेंचमध्ये प्रेमात पडली. आज तीही मतदानाच्या रांगेत आहेत.

पहिलं सार्वमत झालं २० मे १९८० रोजी. होकाराला ४०.४४ टक्के मतं, म्हणजे दणदणीत पराभव. त्या रात्री पॉल सोव्हे क्रीडागृहात लेवेक व्यासपीठावर आले. समोर रडणारी गर्दी होती. मला तुमचं म्हणणं बरोबर कळलं असेल, तर तुम्ही म्हणताय, 'पुढच्या वेळी', असं त्यांनी सांगितलं. कुठल्याही समाजगटावर खापर फोडलं नाही. सहा आकड्यांच्या फरकाने हरलेल्या त्या माणसाने चळवळ जिवंत ठेवली होती.

त्यानंतर १९८२ ची राज्यघटना क्वेबेकच्या संमतीशिवाय आली. क्वेबेकला 'वेगळा समाज' म्हणून मान्यता देणारा मीच लेकचा करार जून १९९० मध्ये बारगळला, तो मॅनिटोबा आणि न्यूफाउंडलंड या दोन प्रांतांनी वेळेत मंजुरी न दिल्यामुळे. १९९२ चा शार्लटटाउन करार देशभरच्या सार्वमतात पडला. दर वेळी एक दार बंद होत गेलं, आणि दर वेळी काही हजार सौम्य माणसं वेगळं होण्याच्या बाजूला सरकत गेली.

दुपार

मुख्यमंत्री ज्याक पारिझो आज पासष्ट वर्षांचे आहेत. माँट्रियलच्या सुखवस्तू घरातला मुलगा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा डॉक्टरेट, तीन तुकड्यांचा सूट, इंग्रजी बोलले तर थेट लंडनच्या क्लबातलं. राष्ट्रवादी नेत्याच्या नेहमीच्या साच्यात न बसणारा माणूस. त्यांची पहिली पत्नी आलिस पोलंडमध्ये जन्मलेली लेखिका होती, महायुद्धात वॉर्साच्या भूमिगत प्रतिकारात लढलेली. १९९० मध्ये ती गेली. परकीयांचा द्वेष या माणसाच्या घरात शिरलेला नव्हता, हे ध्यानात ठेवलं पाहिजे. म्हणूनच आज रात्रीचं त्यांचं वाक्य मला जास्त टोचतं.

पारिझो भावनेवर नव्हे, आकडेमोडीवर स्वतंत्र देशाच्या निष्कर्षाला आलेले आहेत. १९६७ मध्ये बान्फच्या एका परिषदेला रेल्वेने जाताना ते निबंध लिहायला बसले. गाडीत चढले तेव्हा कॅनडाच्या संघराज्याचे समर्थक होते, उतरले तेव्हा नव्हते, असं ते स्वतः सांगत. दोन सरकारं एकमेकांचे पाय ओढणार असतील तर एकाच्या हातात सगळी सूत्रं असलेली बरी, हा त्यांचा हिशेब. १९८४ मध्ये लेवेक कॅनडाशी जुळवून घ्यायला निघाले, तेव्हा अर्थमंत्रिपद सोडून ते बाहेर पडले.

आजची तयारीही तशीच पक्की आहे. होकार आला तर उद्या सकाळी शेअर बाजार आणि क्वेबेकचे कर्जरोखे कोसळू नयेत म्हणून सरकारी वित्तसंस्थांनी मिळून सुमारे सतरा अब्ज डॉलरची रोख तजवीज करून ठेवली आहे. विजयाचं दूरदर्शनवरचं भाषण आधीच चित्रित झालं आहे. दूरचित्रवाणीचे पत्रकार स्तेफान ब्यूरो यांना त्यांनी एक मुलाखत दिली आहे, निकालाआधी दाखवायची नाही या अटीवर. तीत ते सांगतात, हरलो तर मी राहणार नाही.

विजयासाठी एवढी आखणी केलेल्या माणसाने पराभवासाठी मात्र स्वतःच्या मनाची तयारी केलेली नाही. त्यांचे सल्लागार ज्याँ-फ्रांस्वा लिझे यांनी पराभवाच्या भाषणाचा मजकूर लिहून ठेवला आहे. शांत, सर्वांना सोबत घेणारा. तो कागद रात्री वापरलाच जाणार नाही.

दुपारच्या या तासात उत्तरेकडेही पाहायला हवं. जेम्स उपसागराच्या काठची क्री जमात सहा दिवसांपूर्वीच स्वतःचं सार्वमत घेऊन मोकळी झाली आहे. क्वेबेकबरोबर कॅनडातून बाहेर पडायला ९६ टक्क्यांहून जास्त क्री मतदारांनी नकार दिला. क्वेबेकच्या विजेचे मोठमोठे प्रकल्प त्यांच्याच नद्यांवर उभे आहेत. प्रमुख मॅथ्यू कून कम यांचा सवाल सरळ होता. तुम्हाला स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क असेल, तर तोच हक्क आम्हाला का नाही? माँट्रियलच्या प्रचारात या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिलं नाही.

संध्याकाळ, सहाच्या पुढे

कचेऱ्या सुटल्या, रांगा वाढल्या. गेल्या तेवीस दिवसांत काय उलथापालथ झाली, ते सांगायचं तर ल्यूसियाँ बुशार यांचं नाव घ्यावं लागतं.

सप्टेंबरमध्ये होकाराची बाजू स्पष्ट मागे होती. पारिझोंबद्दल लोकांना आदर होता, जिव्हाळा नव्हता. ७ ऑक्टोबरला त्यांनी एक गोष्ट केली, जी फार थोडे मुख्यमंत्री करतील. होकार आला तर कॅनडाशी वाटाघाटी बुशार करतील, असं जाहीर करून त्यांनी प्रचाराचं नेतृत्व प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती दिलं.

बुशार कोण? एकेकाळचे केंद्रीय मंत्री. मीच लेकच्या करारावरून मे १९९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, ब्लॉक केबेक्वा हा पक्ष काढला, आणि १९९३ मध्ये ५४ जागा जिंकून ते ओटावाच्या संसदेत अधिकृत विरोधी पक्षनेते झाले. डिसेंबर १९९४ मध्ये मांस कुजवणाऱ्या जंतुसंसर्गाने त्यांचा डावा पाय कापावा लागला. मृत्यूच्या दारातून त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, चालू ठेवा, आभार. काठी टेकत हा माणूस सभेत आला की लोक त्याला हात लावायला धडपडत. दोन आठवड्यांत पारडं फिरलं आणि होकार पुढे गेला.

ओटावा हादरलं. तोवर निवांत असलेले पंतप्रधान ज्याँ क्रेतिएन २४ ऑक्टोबरला माँट्रियलच्या व्हर्दनमध्ये सभेला उभे राहिले आणि बदलाची आश्वासनं देऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देशाला उद्देशून दूरदर्शनवर भाषण केलं. शुक्रवारी २७ तारखेला देशभरातून विमानं, आगगाड्या आणि बसगाड्या भरभरून माणसं माँट्रियलच्या प्लास द्यू कॅनडा चौकात आली, स्वस्तात तिकिटं मिळाली म्हणून आणि पोटात भीती होती म्हणूनही. हातोहात पुढे सरकणारा एक प्रचंड लाल-पांढरा झेंडा त्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. क्वेबेकच्या कायद्यानुसार दोन्ही बाजूंच्या खर्चाला मर्यादा होती. बाहेरून आलेला हा खर्च त्या मर्यादेत धरायचा की नाही, हा वाद तेव्हाच सुरू झाला, आणि तो रास्त होता.

रात्री ८

मतदान संपलं. पेट्या उघडल्या, कागदी मतपत्रिका हातांनी मोजायला सुरुवात झाली.

होकाराचे समर्थक पाले द काँग्रे या सभागृहात जमले आहेत, नकाराचे मेट्रोपोलिस या नाट्यगृहात. दोन्ही माँट्रियलमध्येच, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या माग्दालेन बेटांवर घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणून पहिले आकडे तिथून येतात. होकार पुढे!

पाले द काँग्रेत निळे-पांढरे झेंडे उसळतात. तरुणांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. या प्रचाराची भित्तिपत्रकंही तरुणांसाठीच केलेली होती. 'वी' या फ्रेंच शब्दातलं पहिलं वाटोळं अक्षर, 'ओ', कधी डेझीचं फूल, कधी शांततेचं चिन्ह, कधी डॉलरचं नाणं होऊन येई.

साडेआठ ते नऊ

आकडे पूर्वेकडून येत राहतात. गास्पे, उत्तर किनारा, बुशार यांचा मूळ मुलूख असलेला सागने आणि सेंट-ज्याँ सरोवराचा परिसर. तिथे होकाराचं मताधिक्य जबरदस्त आहे. पडद्यावरच्या पट्टीत होकार पन्नासच्या रेषेच्या बराच वर. ओटावात, टोराँटोत, व्हँकुव्हरमध्ये माणसं गप्प झाली आहेत. आपला देश आज रात्री आपल्या डोळ्यांदेखत मोडणार, असं लाखो कॅनडियन लोकांना वाटलं ते याच तासात.

देश चालवणाऱ्यांची अवस्थाही वेगळी नव्हती. शाँताल एबेर आणि ज्याँ लापिएर या पत्रकारांनी २०१४ साली त्या वेळच्या नेत्यांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं, तेव्हा उघड झालं की होकार आला असता तर दुसऱ्या दिवशी काय करायचं यावर ना ओटावाच्या मंत्र्यांचं एकमत होतं, ना होकाराच्या तिन्ही नेत्यांचं. पारिझोंना थेट देश हवा होता. बुशार आणि पंचविशीतला तिसरा नेता मारिओ द्यूमाँ यांना आधी वाटाघाटी हव्या होत्या. एवढ्या मोठ्या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी असलेली ही तीन माणसं त्या उंबरठ्यापलीकडचं एकमेकांशी बोलली नव्हती. याला मी निष्काळजीपणाच म्हणेन, आणि तो दोन्ही बाजूंचा.

नऊ ते दहा

आता क्वेबेक शहराच्या भागातले आकडे येतात. होकार पुढे आहे, पण अपेक्षेइतका नाही. हे शहर प्रांताची राजधानी आहे, जवळजवळ पूर्ण फ्रेंचभाषी आहे. इथे भरघोस मतं मिळतील हे चळवळीने गृहीत धरलं होतं. दक्षिणेकडच्या बोस भागातही नकाराला बळ मिळतं. ओटावाच्या पलीकडच्या काठावरचा ऊतावे भाग केंद्र सरकारच्या नोकऱ्यांवर जगतो, तिथे नकार.

मग माँट्रियल बेटाचा पश्चिम भाग मोजून होतो. तिथले इंग्रजीभाषक, ज्यू, इटालियन, ग्रीक. डार्सी-मगी या मतदारसंघात नकाराला ९६ टक्क्यांहून जास्त मतं आहेत. पडद्यावरची पट्टी सरकू लागते. बावन्न, एक्कावन्न. मग दोन्ही बाजू पन्नासच्या रेषेवर येऊन कापऱ्या अंकांत अडकतात.

एक हिशेब इथेच करतो. १२५ मतदारसंघांपैकी ८० मध्ये होकार जिंकला. शेवटचा फरक ५४,२८८ मतांचा. यातल्या २७,१४५ माणसांनी नकाराऐवजी होकारावर खूण केली असती, तर आज जगाच्या नकाशावर बहुधा आणखी एक देश असता.

दहा वाजून गेल्यावर

रेडिओ-कॅनडाच्या वाहिनीवर बेर्नार देरोम नकाराच्या विजयाचा अंदाज सांगतात. पुढे अधिकृत आकडे येतील: नकार २३ लाख ६२ हजार ६४८, होकार २३ लाख ८ हजार ३६०. टक्क्यांत ५०.५८ आणि ४९.४२.

मेट्रोपोलिसमध्ये जल्लोषापेक्षा सुटकेचा निःश्वास जास्त आहे. पाले द काँग्रेत विशीतली मुलंमुली एकमेकांच्या गळ्यात पडून रडत आहेत.

आणि तरीही या क्षणी, दहा वाजून काही मिनिटांनी, ही चळवळ जिंकलेली आहे असं मी म्हणेन. पंधरा वर्षांत चाळीस टक्क्यांवरून साडेएकोणपन्नासवर आलेली, जगातल्या जुन्या लोकशाहीपैकी एकीला गुडघ्यावर आणलेली, आणि हे सगळं एकही गोळी न झाडता. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये याच ध्येयाच्या नावाने क्वेबेकच्या मंत्र्याचा, पिएर लापोर्त यांचा, अपहरण करून खून झाला होता आणि रस्त्यावर लष्कर आलं होतं. तिथून मतपेटीपर्यंतचा प्रवास ही छोटी गोष्ट नाही. आता नेत्याने व्यासपीठावर यायचं, 'पुढच्या वेळी' म्हणायचं, आणि उद्यापासून ओटावाला वचनांचा जाब विचारायचा. एवढंच उरलं होतं.

अकराच्या सुमारास

आधी द्यूमाँ बोलतात, मग बुशार. दोघेही सावरून. आशा सोडू नका, पुढची वेळ आपली असेल, हा बुशार यांचा सूर.

मग पारिझो येतात. हातात कागद नाही.

सुरुवात वाईट नाही. हुकलं, पण फार थोडक्यात, असं ते सांगतात. मग ते वळतात. आता क्वेबेकचे फ्रेंचभाषक असं म्हणणं सोडून देऊ, आपण 'आम्ही' म्हणू, असं ते म्हणतात. आम्ही साठ टक्क्यांनी होकार दिला. आणि मग ते वाक्य येतं. आपण हरलो, हे खरं. पण हरलो कशामुळे? "पैशामुळे आणि काही वांशिक मतांमुळे, मुख्यतः त्यामुळेच."

सभागृहात टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारे दमलेले, दुखावलेले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. पण दूरदर्शनसमोर बसलेल्या लाखो लोकांनी त्या टाळ्याही ऐकल्या. त्यात माँट्रियलच्या पार्क-एक्स्टेन्शनमधली गुजराती, पंजाबी, तमिळ, ग्रीक घरं होती. कायदा १०१ मुळे फ्रेंच झालेली ती चोविशीतली मुलं होती. त्यांच्यातल्या काहींनी तर होकारावर खूण केलेली होती. ब्लॉक केबेक्वाच्या खासदारांत ओस्वाल्दो नुन्येझ होते, चिलीतून आलेले. 'आम्ही' या शब्दात हे कोणीच नव्हते. एका मिनिटापूर्वी ते क्वेबेकचे नागरिक होते, आता पराभवाचं कारण झाले.

१९६० च्या दशकात या चळवळीने फार कष्टाने एक काम केलं होतं. 'फ्रेंच कॅनडियन' ही रक्ताची आणि चर्चची ओळख मागे ठेवून 'केबेक्वा' ही भूमीची ओळख तिने पुढे आणली. जो इथे राहतो, फ्रेंचमध्ये जगायला तयार आहे, तो आपला. जेराल गोदाँ नावाचा कवी-मंत्री स्थलांतरितांच्या वस्त्यांत याच कामासाठी वर्षानुवर्षं फिरला होता. तो वर्षभरापूर्वीच गेला. त्या सगळ्या मेहनतीवर मुख्यमंत्र्यांनी स्वतःच पाणी फिरवलं.

मध्यरात्र

वाक्य क्रूर होतं, हे लगेच सगळ्यांना कळलं. ते चुकीचंही होतं, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

पारिझोंचाच आकडा घेऊ. साठ टक्के फ्रेंचभाषकांनी होकार दिला, म्हणजे चाळीस टक्क्यांनी दिला नाही. फ्रेंचभाषक एकूण लोकसंख्येच्या ऐंशी टक्क्यांहून थोडे जास्त. हिशेब केला तर नकाराच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं फ्रेंच बोलणाऱ्यांचीच निघतात. क्वेबेक शहरातले कारकून, बोसमधले छोटे कारखानदार, ऊतावेतले केंद्रीय कर्मचारी, घरच्या कर्जाची चिंता असलेली नवरा-बायको. या लोकांना पटवण्यात चळवळ कमी पडली. त्यांचा उल्लेख भाषणात नव्हता, कारण त्यांच्याकडे बोट दाखवणं म्हणजे स्वतःच्या घरात पाहणं होतं.

आणखी एक नुकसान झालं. त्या रात्री होकाराच्या बाजूकडे खऱ्या तक्रारी होत्या. ८६,५०१ मतपत्रिका बाद ठरल्या, विजयाच्या फरकापेक्षा जास्त. शोमेदे या मतदारसंघात तर साडेअकरा टक्के मतपत्रिका बाद केल्या गेल्या. सार्वमताच्या खर्चाचे नियम मोडून सुमारे ५ लाख ३९ हजार डॉलर उधळले गेल्याचा निष्कर्ष निवृत्त न्यायाधीश बेर्नार ग्रेनिए यांनी २००७ मध्ये काढला. 'पैसा' या शब्दामागे काहीतरी होतं. पण 'वांशिक मतं' हे दोन शब्द शेजारी येऊन बसले आणि त्यानंतर त्या तक्रारी कोणी गंभीरपणे ऐकून घेतल्या नाहीत. हरलेल्याच्या रागाचा भाग म्हणून त्या बाजूला पडल्या. गैरप्रकार करणाऱ्यांना याहून मोठी सूट मिळाली नसती.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

पारिझो राजीनामा जाहीर करतात. शब्द अधिक चांगले निवडता आले असते, इतकं मान्य करतात. मुद्दा मागे घेत नाहीत. ब्यूरो यांना दिलेली मुलाखत दाखवली जाते. हरलो तर जाणार, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पण लोकांच्या मनात राजीनामा आणि ते वाक्य एकमेकांना कायमचे चिकटले.

२९ जानेवारी १९९६ रोजी बुशार मुख्यमंत्री झाले. लोकप्रियता अफाट होती, तरी 'जिंकण्याजोगी परिस्थिती' आली की सार्वमत घेऊ, असं म्हणत त्यांनी ते पुढे ढकललं, आणि २००१ मध्ये पायउतार झाले. ओटावाने मात्र वेळ दवडला नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की क्वेबेकला एकतर्फी वेगळं होता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटी कराव्या लागतील. २००० साली त्यावर कायदा झाला, आणि प्रश्न स्पष्ट आहे का हे ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या संसदेने स्वतःकडे घेतला. २००६ मध्ये त्याच संसदेने केबेक्वा हे संयुक्त कॅनडातलं एक राष्ट्र असल्याचा ठराव केला. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये हाच ठराव झाला असता तर कदाचित ती रात्र आलीच नसती.

२०१३ साली पार्ती केबेक्वाच्याच सरकारने सरकारी नोकरांना पगडी, हिजाब, ज्यूंची टोपी अशी ठळक धर्मचिन्हं वापरायला बंदी घालणारा मसुदा आणला. त्याला पक्षाच्या गोटातून सर्वांत वजनदार विरोध केला तो त्र्याऐंशी वर्षांच्या ज्याक पारिझोंनी. 'जुर्नाल द माँट्रियल' मध्ये लेख लिहून त्यांनी बजावलं की ही बंदी गरजेपेक्षा फार पुढे गेली आहे, आणि तिच्यामुळे अल्पसंख्याकांना कॅनडाचं संघराज्यच आपलं खरं संरक्षक वाटू लागेल. हे त्यांना अठरा वर्षांपूर्वी, पाले द काँग्रेच्या व्यासपीठावर चढण्याआधी कळायला हवं होतं.

पारिझो १ जून २०१५ रोजी वारले. १९९५ नंतर क्वेबेकमध्ये सार्वभौमत्वावर मतदान झालेलं नाही.